एम ९१: क्रमांक होता, पण दीर्घिका जागेवर नव्हती

एम ९१ हा क्रमांक १७८१ सालापासून चार्ल्स मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या धूसर ठिपक्यांच्या यादीत आहे. पण त्या क्रमांकाची दीर्घिका नेमकी कोणती, हे १९६९ उजाडेपर्यंत कुणाला ठामपणे सांगता येत नव्हते. मेसिएने लिहून ठेवलेल्या जागेवर दुर्बीण रोखली तर तिथे त्याच्या दुर्बिणीला दिसावे असे काहीच नाही. आज मोबाइलच्या ॲपवर एम ९१ टाकले की ते थेट एनजीसी ४५४८ (एनजीसी म्हणजे न्यू जनरल कॅटलॉग ही नंतरची मोठी यादी) या दंडयुक्त सर्पिल दीर्घिकेवर नेऊन सोडते. उत्तर बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे हे ॲप सांगत नाही. सोलापूरच्या आकाशातून आम्ही ही ओळख आधी कागदावर आणि मग दुर्बिणीतून पायरीपायरीने तपासली. आठ इंची डॉब (डॉब्सोनियन आरसा-दुर्बीण), स्टॉपवॉच आणि साधा कॅल्क्युलेटर असेल त्या कुणालाही ती तपासता येते.

सुरुवात कागदावरून करावी. १८ मार्च १७८१ च्या रात्री मेसिएने कन्या आणि अरुंधती केश या तारकासमूहांच्या सीमेवरचे आठ धूसर ठिपके नोंदवले, एम ८४ ते एम ९१. त्यातल्या शेवटच्याबद्दल तो एवढेच म्हणतो की हा तेजोमेघ कन्येत आहे, त्यात तारा नाही, तो ९० क्रमांकाच्या वर आहे आणि त्याचा प्रकाश ९० पेक्षाही मंद आहे. जागा दिली आहे ती अशी: विषुवांश (आकाशावरचे रेखांश) १२ तास २६ मिनिटे २८ सेकंद, क्रांती (आकाशावरचे अक्षांश) उत्तर १४ अंश ५७ कला; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. हे आकडे तसेच्या तसे आजच्या नकाशावर टाकले तर सगळेच फसते, कारण ते १७८१ सालचे आहेत आणि संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ फिरण्यामुळे, आकाशाची जाळी तेव्हापासून बरीच सरकली आहे.

ती सरक काढायला मोठे गणित लागत नाही. आकाशाच्या या भागात विषुवांश दरवर्षी सुमारे ३.०२५ सेकंदांनी वाढतो आणि क्रांती सुमारे १९.८५ विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) घटते. १७८१ ते २००० ही २१९ वर्षे. ३.०२५ गुणिले २१९ म्हणजे ६६२ सेकंद, अर्थात ११ मिनिटे २ सेकंद. १९.८५ गुणिले २१९ म्हणजे ४३४७ विकला, अर्थात ७२ कला आणि थोडे वर. म्हणजे २००० सालच्या जाळीवर मेसिएचा बिंदू पडतो विषुवांश १२ तास ३७ मिनिटे ३० सेकंद आणि क्रांती १३ अंश ४५ कला या जागी. पुढची सगळी तपासणी याच बिंदूवर उभी आहे, म्हणून हा आकडा दोनदा करून पाहावा.

इथे सर्वांत जास्त घोळ होतो तो सालांचा. जुन्या छापील नकाशांची जाळी १९५० ची असते, नव्या याद्यांची २०००ची, आणि ॲपमध्ये ‘आजच्या तारखेची’ अशी तिसरी जोडीही दिसते. १९५० आणि २००० मध्ये या भागात क्रांतीचा फरक साडेसोळा कला आहे आणि विषुवांशाचा अडीच मिनिटे, म्हणजे आकाशावर सदतीसेक कला. २००० ते आजपर्यंतही क्रांती आठेक कला सरकली आहे. कन्येच्या या पट्ट्यात दीर्घिका एकमेकींपासून अर्ध्या-पाऊण अंशावर आहेत. तिथे चाळीस कलांची चूक म्हणजे शेजारणीच्या घरात शिरणे. एकदा २००० ठरवले की सगळे आकडे २०००चेच घ्यावेत.

आता बिंदूभोवती कोण कोण आहे ते पाहू. कुणी म्हणत, तो धूमकेतू असावा. मेसिए धूमकेतूच शोधत होता, तेव्हा शंका रास्त होती. पण धूमकेतू निघून गेला म्हटले की पुढे तपासायला काही उरतच नाही. खगोल-इतिहासकार ओवेन गिंगरिच यांनी सुचवले होते की मेसिएने एम ५८ च पुन्हा एकदा नोंदवला असावा. एम ५८ या बिंदूच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, पण एक अंश ५६ कलांवर. तिसरी उमेदवार एनजीसी ४५७१. ती बिंदूपासून साधारण अर्ध्या अंशावर आहे, त्यामुळे नकाशावर सर्वांत जवळची वाटते. पण तिची प्रत (तेजाचा आकडा; जितका मोठा तितके तेज कमी) ११.३ आहे, ती आपल्याकडे तोंड करून पसरलेली आहे आणि तिचा पृष्ठभाग फार मंद आहे. मेसिएच्या साडेतीन इंची दुर्बिणीतून ती दिसली असेल, हे मानणे कठीण. चौथी एनजीसी ४५४८. प्रत १०.२, म्हणजे दिसण्याजोगी. पण बिंदूपासून ती ४५ कला उत्तरेला आणि ३० कला पश्चिमेला आहे. मेसिएच्या जागा सहसा इतक्या चुकत नाहीत.

विल्यम हर्शेलने ८ एप्रिल १७८४ रोजी हीच दीर्घिका स्वतंत्रपणे शोधली आणि आपल्या यादीच्या दुसऱ्या वर्गात १२० क्रमांकावर टाकली. एम ९१ शी तिचा संबंध त्याने जोडला नाही. पुढे १८८८ साली ड्रायर या खगोलशास्त्रज्ञाच्या न्यू जनरल कॅटलॉगमध्ये ती एनजीसी ४५४८ झाली. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ एकाच दीर्घिकेची दोन नावे स्वतंत्र चालली होती: एका नावाला जागा होती, दुसऱ्याला नव्हती.

गाठ सोडवली ती टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या विल्यम सी. विल्यम्स या हौशी निरीक्षकाने, १९६९ च्या डिसेंबरमध्ये. त्याने विचारलेला प्रश्न साधा होता: मेसिए जागा मोजायचा कशी? त्या काळी जागा एखाद्या आधीच माहीत असलेल्या पदार्थापासून मोजत. दुर्बीण स्थिर ठेवायची, माहीत पदार्थ आणि नवा पदार्थ आयपीसमधल्या (डोळा लावायच्या भिंगातल्या) बारीक तारेवरून केव्हा जातात त्याच्या वेळांतला फरक घ्यायचा, वरखाली अंतर मोजायचे आणि ते माहीत पदार्थाच्या जागेत मिळवायचे. माहीत पदार्थ ओळखण्यातच गफलत झाली, तर मोजमाप अचूक असूनही उत्तर चुकणार.

हे कॅल्क्युलेटरवर करून पाहावे, फार समाधान मिळते. मेसिएच्या बिंदूतून एम ५८ ची जागा वजा करा. एम ५८ आहे १२ तास ३७ मिनिटे ४४ सेकंद, ११ अंश ४९ कला. उरते उणे १४ सेकंद आणि अधिक १ अंश ५५.५ कला. आता हाच फरक एम ८९ च्या जागेत मिळवा, म्हणजे १२ तास ३५ मिनिटे ४० सेकंद आणि १२ अंश ३३.४ कला यांत. उत्तर येते १२ तास ३५ मिनिटे २६ सेकंद, १४ अंश २८.९ कला. एनजीसी ४५४८ ची २०००ची नोंद आहे १२ तास ३५ मिनिटे २६ सेकंद, १४ अंश २९.८ कला. फरक एका कलेहून कमी. एकाच दिशेला जुळले असते तर योगायोग म्हणता आला असता. इथे दोन्ही दिशांना जुळते. मेसिएने मोजले एम ८९ पासून आणि मिळवले एम ५८ च्या जागेत, हे याहून स्वच्छ दाखवता येत नाही.

कागद इथे संपतो. पण ही गफलत डोळ्यांना कशी होते, आणि ४५७१ खरोखरच नाकारण्याइतकी मंद आहे का, हे आकाशातच पाहावे लागते.

सोलापूरचे अक्षांश १७ अंश ४० कला, दीर्घिकेची क्रांती साडेचौदा अंश. म्हणजे मध्यान्हवृत्तावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) ती जवळपास डोक्यावरच येते, खस्वस्तिकापासून फक्त तीन अंश दक्षिणेला. हवेचा थर सर्वांत पातळ आणि शहराचा उजेड सर्वांत दूर, ही मोठीच जमेची बाजू. महाराष्ट्रातून कन्येचा हा दीर्घिकासमूह पाहणाऱ्यांना युरोपातल्या निरीक्षकांचा हेवा करायचे कारण नाही. अडचण एकच, डॉब दुर्बीण अगदी डोक्यावर रोखली की आडवी फिरवता येत नाही; नळी उभी झाल्यावर तिला ढकलायला तरफच उरत नाही. दीर्घिका मध्यान्हवृत्ताच्या अलीकडे-पलीकडे चाळीस-चाळीस मिनिटे ८० अंशांच्या वर असते, तेवढा काळ सोडून द्यावा. त्याआधीचा तास-सव्वा तास सर्वांत चांगला, तेव्हा ती पूर्वेला ६० ते ८० अंशांवर असते. मार्चअखेर ती साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येते, एप्रिलअखेर साडेदहाला.

रात्र निवडायला पंचांग पुरते. फाल्गुन अमावास्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या अलीकडची रात्र, दरवर्षी या दीर्घिकांच्या ऐन हंगामात पडते. तिच्या मागच्या-पुढच्या चार-पाच रात्री चंद्राचा त्रास नसतो. त्याआधीची माघ अमावास्याही चालते, आणि हवेच्या दृष्टीने ती अधिक चांगली. फक्त रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते. चैत्र अमावास्येला मात्र धूळ आणि वळवाचे ढग यांचा नेम नसतो.

जागा आम्ही बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूचे माळरान निवडली. शहराचा उजेड तिथून दक्षिणेच्या क्षितिजावर राहतो. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री जायचे नाही; ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात, त्याला सांगून बसावे. गोठ्याचा एलईडी बल्ब तासभर बंद ठेवायची विनंती केली तर कुणी नाही म्हणत नाही. शेतीची लाइट रात्रपाळीची असेल तर मात्र विहिरीवरचा दिवा लागणारच, म्हणून विहिरीपासून लांब बसलेले बरे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची मळणी चालू असते, तिची धूळ खाली बसायला रात्रीचे नऊ वाजतात. बूट हवेतच, आणि दगडांच्या ढिगाजवळ सामान ठेवू नये. या भागात फुरसे आहे आणि ते अंधारात दिसत नाही.

आकाश कसे आहे ते ठरवायला एक सोपी कसोटी आहे. अरुंधती केशातला ६ क्रमांकाचा तारा ५.१ प्रतीचा आहे. अंधाराला डोळे सरावल्यावर तो नुसत्या डोळ्यांनी दिसला तर पुढचे सगळे जमते. दिसत नसेल तर एम ८८ वर समाधान मानावे. ४५७१ च्या मागे लागू नये. हाच तारा पुढे दुसऱ्या कामालाही येतो.

उष्णतेबद्दल बोलले पाहिजे, कारण सोलापुरात सगळ्यात जास्त रात्री त्यापायी वाया जातात. मार्चअखेर दिवसा पारा अडतीस-चाळीसला टेकतो. दिवसभर घरात किंवा, त्याहून वाईट, गाडीत राहिलेला आठ इंची आरसा संध्याकाळी बाहेर काढला की त्याच्या तोंडावरून गरम हवा उठत राहते. तारे फुगतात, आणि दीर्घिकेचा मंद गाभा त्या फुगवट्यात विरघळून जातो. नळी सूर्यास्तालाच मोकळ्यावर ठेवावी, वरचे तोंड उघडे आणि सुती कापडाने झाकलेले. आरशामागे बारा व्होल्टचा छोटा पंखा असेल तर तासाभरात फरक पडतो, नसेल तर दोन तास धरावेत. काळ्या रानात बसणेही टाळावे. काळी जमीन दिवसभराची ऊब रात्री सोडत राहते आणि मऊही असते. मुरमाड माळ दोन्ही बाबतींत बरा.

मऊ जमिनीचा मुद्दा पुढच्या पद्धतीत कळीचा आहे. डॉबच्या तिन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे वीतभर तुकडे ठेवावेत. आपल्याकडे ते कुठल्याही बांधकामावर पडलेले मिळतात. पाय फरशीवर टेकवून, बूड एकदा दोन्ही हातांनी दाबून बसवावे. नुसत्या मातीवर बूड पाऊण तासात अर्धा अंश सहज कलते, आणि पुढच्या पद्धतीला तेवढे कलणे परवडत नाही.

पद्धत अशी की दीर्घिका शोधायचीच नाही, ती येईपर्यंत थांबायचे. उत्तरा फाल्गुनीचा तारा, ज्याला नकाशात डेनेबोला म्हणतात, त्याची क्रांती १४ अंश ३४ कला. एनजीसी ४५४८ ची १४ अंश ३० कला. दोघे जवळजवळ एकाच आडव्या ओळीत आहेत, फक्त दीर्घिका ४६ मिनिटे मागे. उत्तरा आयपीसच्या बरोबर मध्यावर आणली, त्या क्षणी घड्याळ सुरू केले आणि नळीला हात लावला नाही, तर पृथ्वीच आपल्याला दीर्घिकेपर्यंत नेते. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला २५ मिलिमीटरचा प्लॉसल जातीचा आयपीस लावला की ४८ पट वर्धन आणि सुमारे ६२ कलांचे क्षेत्र मिळते. हे क्षेत्र खोक्यावरच्या आकड्यावरून न धरता मोजून घ्यावे: उत्तरा एका कडेला आणावी, मधोमध जाऊन दुसऱ्या कडेला नाहीशी होईपर्यंतचे सेकंद मोजावेत, चारने भागावे आणि ०.९७ ने गुणावे. उत्तर कलांमध्ये येते. ६२ कलांसाठी सुमारे २५६ सेकंद लागतात.

मार्चअखेर पावणेदहाला सुरुवात केली तर नळी ६० अंशांच्या आसपास असते, म्हणजे हाताळायला सोपी. मार्चच्या मध्यात हीच वेळ पावणेअकरा, एप्रिलच्या मध्यात पावणेनऊ. नळीचा तोल आधी तपासावा. आयपीस बदलला की तोल बदलतो, म्हणून सुरुवातीला जो लावला तोच शेवटपर्यंत ठेवावा. वारा असेल तर गाडीच्या आडोशाला बसावे. आयपीसला डोळा लावताना हनुवटी किंवा भुवई टेकू नये.

मग वाट पाहायची, पण ती रिकामी नसते. घड्याळात २४ मिनिटे ४० सेकंद झाले की एम ९८ जातो, मध्यापासून वीसेक कला उत्तरेला, काठाने बघितल्यासारखा लांबट आणि बराच मंद. तो हुकला तरी हरकत नाही. २६ मिनिटे ५२ सेकंदांना ६ क्रमांकाचा तारा त्याच उंचीवरून जातो, आणि तो हुकता कामा नये. क्षेत्रात एकाएकी इतका ठळक तारा दुसरा नाही. तो वेळेवर आणि मध्यापासून वीस कला उत्तरेला आला तर नळी हललेली नाही याची खात्री पटते. वेळ जुळली पण तारा काठावर किंवा मधोमध दिसला तर बूड कलले आहे. पुढे थांबण्यात अर्थ नाही, उत्तरा ताऱ्यापासून पुन्हा सुरू करावे. २९ मिनिटे ४० सेकंदांना एम ९९ मध्याच्या नऊ कला दक्षिणेने जातो. त्यानंतर तेरा मिनिटे या ओळीत मोठे काही नाही. ४२ मिनिटे ४८ सेकंदांना एम ८८ येतो, ९.६ प्रतीचा, तिरकस कललेला, गाभा स्पष्ट. या सगळ्या रांगेत तोच सर्वांत देखणा. आणि ४६ मिनिटे १५ सेकंदांना, मध्याच्या किंचित दक्षिणेने, आपली दीर्घिका. प्रत्येक पदार्थ मध्यावर यायच्या दोन मिनिटे आधीच पूर्व कडेला शिरतो, म्हणून डोळा तेवढा आधी लावावा.

एम ८८ आणि ४५४८ मध्ये पन्नास कलांचे अंतर आहे, त्यामुळे थोडा वेळ दोघी एकाच क्षेत्रात दोन कडांना दिसतात. दिशेची शंका असेल तर सोपे आहे: जिकडून पदार्थ बाहेर पडतो ती पश्चिम. उत्तर कुठली हे ठरवायला नळी ध्रुवाकडे बोटभर ढकलून, ज्या कडेने नवे तारे आत येतात ती कड पाहावी. पण हे ड्रिफ्ट, म्हणजे नळी स्थिर ठेवून वाट पाहणे, संपल्यावरच करावे.

दीर्घिका आली की नळी हलवायला मोकळीक मिळते. आता १२ मिलिमीटरचा आयपीस, शंभर पट. आठ इंचांतून पहिल्यांदा दिसतो तो छोटा, गोलसर, बऱ्यापैकी उजळ गाभा आणि त्याभोवती अगदी फिकी धुरी. १०.२ ही प्रत ऐकायला सोपी वाटते, पण तो सगळा उजेड पाच कलांहून अधिक रुंदीवर पसरलेला आहे. सरळ पाहिले की गाभाच उरतो. नजर गाभ्यापासून थोडी बाजूला टेकवली आणि चार-पाच मिनिटे तशीच ठेवली की धुरी एका दिशेने लांबट वाटू लागते, पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य. तो दंड. सर्पिल भुजा आठ इंचांतून दिसत नाहीत. या दीर्घिकेच्या भुजा तशाही दुबळ्याच आहेत, कारण समूहातल्या तिच्या आकाराच्या इतर सर्पिलांच्या मानाने तिच्यात हायड्रोजन वायू फार थोडा उरला आहे.

मग ४५७१. ती ४५४८ च्या २२ कला पूर्वेला आणि १७ कला दक्षिणेला आहे. नळी स्थिर ठेवली तर दीड मिनिटाने येते. ६२ कलांच्या क्षेत्रात दोघी एकदम मावतात, म्हणून तुलना प्रामाणिक होते: तीच हवा, तोच आरसा, तोच डोळा. फरक लगेच कळतो. हिला गाभा म्हणावा असे काही नाही, नुसता गोल, सपाट, जेमतेम जाणवणारा फिकटपणा. जवळच एक बराच ठळक तारा आहे, त्याचा चकाकाही आड येतो. तो क्षेत्राबाहेर ढकलून मगच हिच्याकडे पाहावे. आठ इंचांतून ही अवस्था, तर साडेतीन इंचांतून काय दिसणार? नळीच्या तोंडावर साडेतीन इंची भोक पाडलेला पुठ्ठा ठेवून पाहिले की ४५७१ नाहीशी होते आणि ४५४८ चा गाभा तिरक्या नजरेला धडपडत का होईना टिकून राहतो. भोक नळीच्या मधोमध न पाडता बाजूला पाडावे, म्हणजे दुय्यम आरशाची सावली कमी पडते. पुठ्ठ्याचा हा प्रयोग आम्हाला सगळ्यात पटणारा पुरावा वाटतो.

शेवटी एम ८९ आणि एम ५८. दोघांत ५४ कलांचे अंतर आहे, त्यामुळे २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये दोघे एकाच वेळी येतात. एम ८९ ही जवळजवळ गोल लंबवर्तुळी दीर्घिका, ९.८ प्रतीची. एम ५८ दंडयुक्त सर्पिल, ९.७ प्रतीची. छायाचित्रात त्यांच्यात काहीच साम्य नाही. पण पुठ्ठा लावून छोट्या दुर्बिणीसारखे पाहिले की उरतात दोन सारखेच गोल धूसर ठिपके, सारख्याच तेजाचे, एकमेकांच्या शेजारी. एम ५८ मेसिएने १७७९ सालीच नोंदवला होता, एम ८९ त्याच रात्री नवा सापडत होता. नव्या ठिपक्याला जुना समजणे किती सोपे होते, ते हे दोघे एकत्र पाहिल्यावरच कळते.

दोन इंची, ३८ मिलिमीटरचा, ७० अंशांचा आयपीस मिळाला तर १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २.२ अंशांचे क्षेत्र उघडते. त्यात एम ८९ दक्षिण कडेला आणि ४५४८ उत्तर कडेला एकाच वेळी मावतात, आणि मेसिएचे मोजमाप जसेच्या तसे करता येते: नळी स्थिर, आधी ४५४८ मधली उभी रेषा ओलांडते, तेरा-चौदा सेकंदांनी एम ८९. मग तेवढेच क्षेत्र एम ५८ दक्षिण कडेला घेऊन पाहावे. उत्तर कडेला, जिथे एम ९१ असायला हवी, तिथे विरळ तारे आहेत आणि बाकी काही नाही. या आयपीसने शहराच्या उजेडात मात्र काही हाती लागत नाही. ६.३ मिलिमीटरच्या निर्गम छिद्रातून (आयपीसमधून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोतातून) आकाशाचा राखाडीपणाच भरून येतो.

छायाचित्र काढणाऱ्यांना दंड सहज मिळतो. ४०० मिलिमीटरची लेन्स, ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा आणि फिरता माउंट असेल तर एका पिक्सेलला १.९ विकला पडतात, म्हणजे दीर्घिका सुमारे १७० पिक्सेल रुंद येते. मिनिटाची एक अशी तासभराची फ्रेम्स एकत्र केली की गाभ्यातून आरपार जाणारा दंड आणि त्याच्या दोन्ही टोकांपासून वळणाऱ्या भुजा दिसतात. ४५७१ ला दंड नाही, त्यामुळे चित्र एकदा हातात आले की दोघींची अदलाबदल होण्याचा प्रश्नच मिटतो. प्लेट सॉल्व्ह केल्यावर, म्हणजे चित्रातल्या ताऱ्यांवरून जागा काढल्यावर, मिळणारे आकडे २०००चे असतात, तेच नोंदवावेत.

या जोडीचे आणखी एक महत्त्व आहे. दोघींमधले सेफिड (ठरावीक काळाने तेज बदलणारे) तारे मोजून विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवण्याचे काम झाले आहे: ४५७१ चे १९९४ साली हवाईतल्या जमिनीवरच्या दुर्बिणीने, ४५४८ चे नंतर हबल दुर्बिणीने. अंतरे आली अनुक्रमे सुमारे ४ कोटी ८६ लाख आणि ५ कोटी २८ लाख प्रकाशवर्षे. ४५४८ आपल्यापासून सेकंदाला ४८६ किलोमीटरने दूर जाते, कन्या समूहाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी वेगाने. म्हणजे समूहातल्या समूहात ती आपल्या दिशेने धावते आहे.

नोंदवहीत ‘एम ९१ पाहिली’ एवढेच लिहू नये. एनजीसी ४५४८ लिहावे, एम ८८ पासूनचे अंतर आणि दिशा लिहावी, उत्तरा ताऱ्यापासूनची वेळ आणि ६ क्रमांकाच्या ताऱ्याची वेळ दोन्ही लिहाव्यात, आणि आकडे कुठल्या सालच्या जाळीचे आहेत ते लिहावे. ४५७१ दिसली असे वाटले तर ती तिरक्या नजरेने दिसली की सरळ, आणि तो ठळक तारा क्षेत्रात होता की बाहेर, हेही लिहावे. यादीत पुढे कुठे आयसी (एनजीसीची पुरवणी यादी) ३५८८ असा क्रमांक भेटला तर ती नवी दीर्घिका नाही, हीच ४५७१ आहे.